जुनी एमटीबी दुरुस्त करू की दसऱ्याला नवीन घेऊ?

नमस्कार दादा,

तुमचा मेसेज दोनदा वाचला आणि सोबतचा कोटेशनचा फोटो तर झूम करून करून बघितला, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कागदावरच लिहिलेलं आहे. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. 2012 ला पहिल्या नोकरीत असताना घेतलेली एमटीबी (माउंटन बाइक), 26 इंची चाकं, मागे 7 गिअर, अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमची फ्रेम, तेव्हा 14,000 ला पडलेली, आणि गेली पाच वर्षं जुळे सोलापूरच्या घराच्या गच्चीवर उन्हापावसात पडून. आता तुम्हाला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आठवड्यातून तीन दिवस तरी सायकलने जायचंय, जाऊन येऊन 14 किलोमीटर. मेकॅनिकने नीट करायला 11,400 सांगितलेत. दुसरीकडे दुकानात 34,000 ची नवीन बघून ठेवलीय, 12 महिने नो कॉस्ट ईएमआय, जुनी दिली तर 2,000 एक्स्चेंजचे. वहिनी म्हणतात भंगारात घाला, मित्र म्हणतो जिला तीन हजार पण कोण देणार नाही तिच्यावर अकरा हजार कशाला घालायचे.

मित्राच्या वाक्यापासून सुरू करते कारण हे वाक्य मी सायकलबद्दल, स्कूटरबद्दल, शिलाई मशीनबद्दल, सगळ्याबद्दल ऐकते आणि प्रत्येक वेळी त्यात एकच चूक असते. तीन हजार ही तुमची सायकल अनोळखी माणूस किती ला घेईल ती किंमत आहे. पण तुम्ही ती विकायलाच निघालेला नाही की ओ! तुम्हाला रोज 14 किलोमीटर न्यायला आणायला एक सायकल पाहिजे, मग हिशोब असा लावायचा की हेच काम करणारी साधी गिअरची सायकल उद्या दुकानातून आणली तर किती पडेल. ती 15 ते 18 हजाराच्या घरात जाते. म्हणजे दुरुस्तीचा खर्च या आकड्याशी ताडून बघायचा, तीन हजाराशी नाही, आणि त्या 34,000 शी पण नाही कारण ती तुमच्या कामापेक्षा मोठी सायकल आहे. 2012 चे 14,000 पण डोक्यातून काढा, ते तेव्हाच खर्च झाले, त्यांच्यासाठी आज एक रुपया जास्त घालायचं कारण नाही.

आता कोटेशन. टायर ट्यूब 1,900, चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकत्या) 1,450, ब्रेकचे गट्टे आणि सगळ्या केबली 750, बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या मधलं बेअरिंग) 700, ओव्हरऑइलिंग 900, नवीन सस्पेन्शनचा चिमटा (पुढचं चाक धरणारा स्प्रिंगचा फोर्क) 3,500, पेंट आणि स्टिकर 2,200. पहिल्या पाच ओळींची बेरीज करा, 5,700 होते. शेवटच्या दोन ओळींची करा, ती पण 5,700. तुमच्या मेकॅनिकने एका कागदावर दोन वेगवेगळी कामं लिहिलीत, एक सायकल चालती करायचं आणि दुसरं सायकल नव्यासारखी दिसायचं, आणि तुम्ही दोन्ही मिळून एकच आकडा धरून नवीनशी तुलना करत बसलात. त्याची काही चूक नाही, तुम्ही त्याला 'एकदम नवीन करून दे' म्हणला असणार.

पहिले 5,700 मला पूर्ण पटतात. पाच वर्षं ऊन खाल्लेला टायर बाजूने तडकतोच, हवा भरली तरी त्याच्यावर ट्रकच्या रस्त्याला जायचं नाही. फक्त टायर घेताना परत ते मोठ्या गुठळ्यांचे घेऊ नका, तुमचा सगळा रस्ता डांबरी आहे, 1.75 किंवा 1.95 इंच रुंदीचे, कमी खाचांचे घ्या, त्याच पैशात मिळतात आणि पायडल मारताना जाणवण्याइतका फरक पडतो. ट्यूबमध्ये पंक्चरचं सीलंट भरून घ्या, आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बाभळीचा काटा असतोच. चेन खरंच गेलीय का ते स्वतः पट्टी लावून बघा: नवीन चेनचे 12 पूर्ण जोड बरोबर 12 इंच भरतात, आणि ते 12 इंचाच्या पुढे एक अष्टमांश इंच गेले असतील तर चेन पण गेली आणि तिने फ्रीव्हीलचे दात पण खाल्ले, तेव्हा दोन्ही बरोबरच बदलायचे. तेवढं वाढलेलं नसेल आणि नुसता गंज असेल तर हे 1,450 पण वाचतील.

आणि ते 900 चं ओव्हरऑइलिंग, जे तुम्ही 'हे उगाच लावलंय का' म्हणून विचारलंत, ती माझ्या मते अख्ख्या कागदावरची सगळ्यात वसूल होणारी ओळ आहे. माझे वडील गिरणीत होते, खंडेनवमीच्या सकाळी अंगणात पोतं अंथरून सायकल उलटी करायचे, दोन्ही चाकांचे एक्सल खोलायचे आणि छर्रे रॉकेलच्या वाटीत टाकायचे. वाटी धरायचं काम माझं. मागच्या चाकात एका बाजूला 9, पुढच्या चाकात एका बाजूला 10, त्यातल्या त्यात पुढचे बारीक, आणि ते बोटाने एकेक फिरवून ज्याच्यावर खड्डा दिसेल तो बाजूला काढायचे. एक खराब छर्रा ठेवला की तो कोन (एक्सलवरची, छर्रे ज्यावर फिरतात ती वाटी) खातो, कोन गेला की चाक डुलतं, आणि मग दहावीस रुपयाच्या छर्ऱ्यापायी अख्खं हब (चाकाचा मधला भाग) बदलायची वेळ येते. ग्रीस भरून, हार घालून सायकल उभी केली की पुढचं वर्षभर तिच्याकडे बघायला लागायचं नाही. तुमच्या सायकलचं ग्रीस पाच उन्हाळ्यात सुकून मेणासारखं झालेलं असणार, म्हणून मेकॅनिकला सांगा की दोन्ही हब माझ्यासमोर खोल, छर्रे नवीन टाक, आणि तिथे अर्धा तास उभे राहा.

चिमट्याचं मात्र मी थांबवते. 2013 नंतर चांगल्या एमटीबी 27.5 आणि 29 इंचाच्या चाकांवर गेल्या, त्यामुळे 26 इंची, त्यात व्ही ब्रेकचा (रिमवर गट्टे दाबणाऱ्या ब्रेकचा), असा चांगला सस्पेन्शनचा चिमटा आता शोधत बसावं लागतं आणि जो सहज मिळतो तो जड आणि साधाच असतो. डांबरी रस्त्यावर तो तुम्हाला काहीच देत नाही, उलट पायडल मारताना थोडा जोर तो दाबला जाण्यात जातो. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडल पुढे मागे हलवा. खुळखुळत नसेल, नुसताच जाम असेल, तर राहू द्या तसाच. खुळखुळला तर आधी हँडलखालचं बेअरिंग आवळून बघायला सांगा, आणि दोष चिमट्यातच निघाला तर साधा लोखंडी चिमटा बसवा, हजार दीड हजारात होतं. एकच सांभाळायचं, त्याची उंची जुन्याइतकीच पाहिजे, नाहीतर सायकल पुढून बसते आणि वळताना बिचकते.

पेंटबद्दल मी हिशोब करणार नाही. तुम्ही लिहिलंय की तिचा तो लाल रंग तुमच्या लेकीला दाखवायचाय, तर ते आवडीचे पैसे आहेत, आवडीला पैसे घालणं चूक नाही, फक्त ते दिवाळीच्या बोनसमधून घाला आणि सहा महिने सायकल चालवून झाल्यावर घाला.

आता नवीन सायकल. तुम्ही घरचे आकडे मोकळेपणाने दिलेत म्हणून स्पष्ट बोलते. हातात 41,000 येतात, घराच्या 13,500 च्या हप्त्यासकट महिन्याचा खर्च 34,000, आणि अडीअडचणीसाठी बँकेत 55,000. म्हणजे पगार थांबला तर दीड महिन्यापेक्षा थोडं जास्त, बस्स. घरात लहान मूल, डोक्यावर घराचं कर्ज, अशा वेळी मी सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा म्हणते, तुम्ही त्याच्या जवळपास पण नाही. महिन्याला उरतात 7,000 आणि त्यातले 2,833 वर्षभर सायकलच्या हप्त्याला गेले तर शिल्लकेतले 40 टक्के गेले. हे मला झोप न येण्यासारखं वाटतं.

आणि नो कॉस्ट म्हणजे फुकट नाही. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सांगितलंय की शून्य टक्के व्याज असा काही प्रकार नसतो. बहुतेक वेळा होतं असं की रोखीत मिळू शकणारा डिस्काउंट व्याजाच्या जागी वळवलेला असतो, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर पडतो. दुकानात जाऊन आधी फक्त एवढंच विचारा की रोख किती, एक्स्चेंजचं नाव पण काढू नका. आकडा 32,000 च्या आसपास आला तर समजा की ते जुन्या सायकलचे 2,000 हे तुमचेच पैसे तुम्हाला परत देणं होतं. जाता जाता बिल पण बघा, 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, लेबलवर जुनी किंमत छापलेली असेल तर विचारायला लाजू नका.

पेट्रोल वाचेल म्हणून तुम्ही नवीनचं समर्थन केलंय, ते पण मांडून बघू. महिन्याला 12 दिवस, 168 किलोमीटर, गाडी 45 चं ॲव्हरेज देते, पेट्रोल 105 धरलं तर साधारण 390 रुपये वाचतात. हेल्मेट, कुलूप, पुढचा मागचा लाइट याचे 2,500 दोन्हीकडे धरा, अक्कलकोट रोडला ट्रकची वर्दळ बघता यात काटकसर करायचीच नाही. जुनी सायकल 8,200 ला रस्त्यावर येते आणि एप्रिल मे चं ऊन वगळून दोन वर्षांच्या थोडं पुढे पैसे वसूल. नवीन 36,500 ला, वसूल व्हायला नऊ वर्षांच्या वर. तब्येत सुधारेल ती दोन्हीवर सारखीच सुधारेल, त्याचे मार्क मी कोणालाच जास्त देत नाही.

म्हणून माझं मत जुनीच नीट करा, पण एका अटीवर, आणि ही अट पैसे देण्याआधीची आहे. फ्रेम. हँडलच्या नळीजवळ, पायडलच्या खालच्या घराजवळ आणि सीटच्या नळीच्या वरच्या तोंडाशी जिथे जिथे वेल्डिंग आहे तिथे ओल्या फडक्याने धूळ पुसा आणि मोबाइलची बॅटरी तिरकी मारून बघा. केसाएवढी रेघ दिसली आणि ती नखाला लागली की विषय संपला. लोखंडी फ्रेम असती तर वेल्डिंग करून घेता आली असती, अलॉयची फ्रेम नुसतं आर्गन वेल्डिंग मारून पहिल्यासारखी मजबूत होत नाही कारण वेल्डिंगनंतर तिला भट्टीत पक्कं करावं लागतं आणि ते सायकलच्या दुकानात होत नाही. तसंच सीटची दांडी. पाच पावसाळे खाल्ल्यावर ती नळीत धरून बसलेली असू शकते, आणि उंची बरोबर नसलेल्या सायकलवर 14 किलोमीटर मारले तर आठवड्यात गुडघे बोलायला लागतात. यातलं एक जरी निघालं, किंवा फ्रेम ठीक असून पहिल्या पाच ओळींचा खर्च फुगत फुगत आठ हजाराच्या वर गेला, तर मी म्हणेन सोडा तिला, आणि तेव्हा सुद्धा 34,000 ची नाही, साधी सस्पेन्शन नसलेली 15 हजाराची घ्या, रोखीने, दिवाळीनंतर. दहा बारा हजारातल्या दोन्हीकडे स्प्रिंगा लावलेल्या चकचकीत सायकलींच्या नादाला लागू नका, वजनाला जड आणि स्प्रिंगा लवकर खिळखिळ्या.

आणि तो 2,833 चा हप्ता जो तुम्ही दुकानाला द्यायला तयार झाला होता, तो स्वतःला भरा की. आरडी उघडा, त्याच तारखेला, तेवढ्याच रकमेची. साडेसहा टक्के धरले तर वर्षात 35,000 च्या थोडे वर होतात. पुढच्या दसऱ्यापर्यंत खरंच महिन्याला 12 दिवस सायकल निघाली, हिप्परग्याच्या तलावापर्यंत रविवारच्या राइडा झाल्या, आणि तरी पायाला ही सायकल कमी पडतेय असं वाटलं, तर तेव्हा मला परत लिहा, नवीनसाठी मी स्वतः हिशोब मांडून देईन. नाही निघाली तर ते 35,000 त्या 55,000 च्या शेजारी जाऊन बसतील, आणि वहिनींचा जीव पण थोडा भांड्यात पडेल.

या रविवारी गच्चीवर जाताना 5 नंबरची ॲलन की आणि थोडं भेदक तेल (गंजून जाम झालेलं सोडवणारं) घेऊन जा. आधी फ्रेम बघा, मग की ने सीटच्या दांडीचा बोल्ट सैल करून तिच्या तोंडाशी तेल सोडा, रात्रभर राहू द्या, सोमवारी सकाळी सीट धरून डावीउजवीकडे फिरवा. हलली का ते कळवा, मेकॅनिकला त्याच्यानंतरच हो म्हणा.