म्हशीच्या दुधात कॅप्सूल पुरते का?

प्रश्न : आम्ही दोघं भुसावळला राहतो. मिस्टर रेल्वेतून निवृत्त झाले. दिवाळीत लेकीकडे बंगळुरूला होतो, तिथे कॅप्सूलच्या मशीनची कॉफी रोज प्यायलो आणि गोडी लागली. जावई तसंच मशीन पाठवतो म्हणतात. मुलाचं म्हणणं, कॅप्सूल महाग पडते, त्यापेक्षा एस्प्रेसोचं दांडीवालं मशीन घ्या. दिवसाला प्रत्येकी दोन कप होतात, दुधाचेच. काय घ्यावं?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला ‘दुधाचेच’ हा शब्द माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा. धुळ्याच्या माझ्या स्वयंपाकघरात ही दोन्ही मशीनं नांदली आहेत, आणि माझा निर्णय शेवटी दुधानेच केला.

नेहमीच्या लहान कॅप्सूलमध्ये, म्हणजे पूड भरलेल्या बंद डबीत, साधारण ५ ते ६ ग्रॅम कॉफी असते. तिचा ४० मिली अर्क नुसता प्यायला तर छान लागतो. पण आपल्याकडचं म्हशीचं दूध! सहा-सात टक्के स्निग्धांश, त्यात साखर. दीडशे मिली दुधात तो अर्क पार हरवून जातो. मी एका कपाला दोन कॅप्सूल लावायला लागले, तेव्हा कुठे कॉफीची चव आली. दांडीवाल्या मशीनच्या दांडीत बसणाऱ्या मोठ्या गाळणीत मी १८ ग्रॅम पूड घालते. २५ ते ३० सेकंदांत त्यातून जवळपास ३६ ग्रॅम दाट अर्क उतरतो आणि तो दुधाला पुरून उरतो.

आता पैसे. कॅप्सूल ५० रुपयांची धरा. चार कपांना आठ लागल्या तर रोजचे ४०० रुपये. मी चिकमगळूरच्या भाजलेल्या बिया घेते, पाव किलो ५०० रुपयांना. म्हणजे १८ ग्रॅमचे ३६ रुपये, चार कपांचे १४४. मुलगा म्हणतो ते खरं आहे.

पण त्याने एक गोष्ट सांगितलेली दिसत नाही, ती म्हणजे बिया दळायचा ग्राइंडर. एस्प्रेसोत पाणी सुमारे ९ बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या नऊपट, दाबाने पुडीतून जातं. पूड जाड असेल तर दहा सेकंदांत पांचट पाणी खाली येतं, फार बारीक असेल तर थेंब थेंब आणि कडू. बिया जुन्या होत जातात तसं दळणही थोडंथोडं बदलावं लागतं. दुकानातून दळून आणलेली पूड इथे चालत नाही, चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची तर नाहीच. स्वस्त मशीनबरोबर दुहेरी तळाची गाळणी येते. तिच्यातून कोणत्याही पुडीला फेस येतो, पण तो फेस बारीक छिद्रातून पिचकारी मारून आणलेला असतो. त्यावर भुलू नका. पैसे मोजकेच असतील तर मशीन साधं घ्या आणि ग्राइंडर चांगला घ्या.

कॅप्सूलच्या खोक्यावर ‘१९ बार’ लिहिलेलं असतं, ती पंपाची कमाल ताकद. ९ पेक्षा १९ मोठे म्हणून कॉफी दुप्पट चांगली होत नाही.

तरी कॅप्सूलला मी कमी लेखत नाही. स्वित्झर्लंडच्या नेस्लेमधल्या एरिक फाव्र या अभियंत्याच्या कल्पनेवर १९७६ साली पेटंट घेतलं गेलं आणि १९८६ मध्ये ती बाजारात आली. दळलेल्या कॉफीला हवा लागू द्यायची नाही, हे तिचं मोठं बळ. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ वर जातो तेव्हा ओट्यावर ठेवलेल्या माझ्या बियांचा वास पंधरा दिवसांत उतरला होता, कॅप्सूल मात्र जशीच्या तशी. आता मी बिया पन्नास-पन्नास ग्रॅमच्या हवाबंद डब्यांत फ्रीझरला ठेवते आणि डबा बाहेरच्या उष्णतेला आल्याशिवाय उघडत नाही, नाहीतर आत दव धरतं.

दुसरी गोष्ट हातांची. दांडी घट्ट बसवायची, पूड सपाट दाबायची, नंतर चोथा झटकून सगळं धुवायचं. गुडघे-मनगटं दुखत असतील तर कॅप्सूलच बरी, आणि मग दूध कमी घालायची सवय करा. माझ्या सासूबाईंनी पहिला घोट घेऊन ‘कडू जहर शे!’ म्हणत कप खाली ठेवला होता. त्यांना मी आजही कॅप्सूलचीच फिकी कॉफी देते, ती त्यांना आवडते.

पाण्याकडे मात्र लक्ष द्याच. माझं कॅप्सूल मशीन बोअरच्या पाण्याने चौदा महिन्यांत क्षार धरून बंद पडलं. कंपनीने सांगितलं, मुंबईला पाठवा. येऊन-जाऊन दीड महिना गेला. आता मी आरओचं आणि नळाचं गाळलेलं पाणी निम्मं-निम्मं वापरते. नुसत्या आरओच्या पाण्याने कॉफी सपक होते. दर दोन महिन्यांनी क्षार काढायचं औषध मशीनमधून फिरवते.

फेसासाठी दूध तापवून, साय काढून, फ्रीजमध्ये गार केलेलं घ्या. वाफेच्या नळीने साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापवा, भांड्याला हात लावणं कठीण झालं की थांबा. त्यापुढे दुधाचा गोडवा जातो.

तेव्हा ताई, मिस्टरांना यंत्रात हात घालायची हौस असेल आणि सकाळची दहा मिनिटं दोघांकडे असतील, तर दांडीवालं मशीन घ्या. बिया मध्यमपेक्षा थोड्या गडद भाजलेल्या, पाव हिस्सा रोबस्टा या कडक जातीच्या कॉफीचा असलेल्या मागवा, म्हशीच्या दुधात त्याच टिकतात. पहिले आठ-दहा कप बिघडतील, ते धरूनच चाला.

प्रश्न : आमच्याकडे वीज सारखी जाते. गॅसवर ठेवायच्या मोका पॉटमधल्या कॉफीला एस्प्रेसो म्हणता येईल का?
– एक वाचक, जामनेर

उत्तर : नाही, कारण त्यात जेमतेम दीड-दोन बार दाब तयार होतो. पण १९३३ साली निघालेलं हे भांडं इटलीत घराघरांत आहे, आणि दुधात त्याची कॉफी मला एका कॅप्सूलपेक्षा उजवी वाटते. खालच्या भांड्यात उकळतं पाणीच घाला, झडपेच्या खालपर्यंत. पूड रव्याहून बारीक, पण मैद्यासारखी नको, आणि ती दाबू नका. भांडं फडक्याने धरून आवळा, गॅस अगदी मंद ठेवा. गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवून भांड्याचा तळ गार पाण्याखाली धरा.