सह्याद्रीत कायमचं राहायला जाण्याआधी

प्रश्न : मी ६१ वर्षांची, यजमान ६६. त्यांना दमा आहे. फ्लॅट विकून महाबळेश्वर किंवा पाचगणीला कायमचं जायचा विचार आहे. दोन्ही गावं दिवाळीत पाहिली, दोन्ही आवडली. कुठलं निवडावं? (डोंबिवली)

उत्तर : दिवाळीत सगळा सह्याद्रीच सुंदर असतो. राहण्यासाठी गाव पाहायचं ते जुलैत, सलग पंधरा दिवस आणि हॉटेलात नव्हे, भाड्याच्या घरात. या दोन गावांत अंतर जेमतेम २० किलोमीटर आणि उंचीत (सुमारे १,३७० व १,२९० मीटर) शंभर मीटरचाही फरक नाही, पण पावसात फार मोठा आहे. महाबळेश्वर ऐन कड्यावर आहे. कोकणातून चढणारे ढग तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाडतात. पाचगणी त्या पावसाच्या आडोशाला असल्याने तिथे साधारण त्याच्या एक तृतीयांश पडतो. एके काळी क्षयरोग्यांची आरोग्यधामं पाचगणीत निघाली ती या तुलनेने कोरड्या हवेमुळेच.

दमा आहे म्हटल्यावर महाबळेश्वर आम्ही सुचवणार नाही. पावसाळ्यात धुकं थेट घरात येतं, कपडे वाळत नाहीत, कपाटामागे आणि गादीखाली बुरशी धरते. बुरशीचे बीजकण श्वासावाटे गेले की दमा उसळतो. भाड्याच्या घरात आर्द्रतामापक लावून ठेवा. आकडा दिवसचे दिवस ६० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर ते घर त्यांच्या छातीला मानवणार नाही.

पाचगणी चालेल, पण वाईसुद्धा मनावर घ्या. पसरणी घाट उतरून १२ किलोमीटरवर वाई आहे. तिथे तीन-साडेतीन अंश गरम होईल, पण तुमच्या आणि मोठ्या दवाखान्याच्या मध्ये घाट राहणार नाही. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, तर ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून कुठल्याही गावात आधी हे विचारा : रात्री दोन वाजता, पावसात, अँब्युलन्स कुठून येते आणि त्या वेळी सीटी स्कॅन कुठे चालू असतो? दारातून निघाल्यापासून हे अंतर दीड तासात कापता येत नसेल, तर हवा कितीही छान असली तरी या वयात तिथे घर घेऊ नका. घाट बंद पडतात हेही धरून चाला. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला होता.

प्रश्न : मुळशीच्या बाजूला उतारावरचा बिनशेती प्लॉट आवडला आहे. रस्ता खाली, घरासाठी सपाट केलेली जागा त्यापासून तीन मीटर वर. घेताना काय बघावं? (पुणे)

उत्तर : पहिल्यांदा ते तीन मीटरच बघा. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या वीस पायऱ्या. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प करायचा तर उतार एकास बारा लागतो, म्हणजे ३६ मीटर लांबी, शिवाय मध्ये थांबायचे सपाट टप्पे वेगळे. एवढी जागा प्लॉटमध्ये नसते. आज तुम्ही वीस पायऱ्या सहज चढाल, पण खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशननंतर त्याच पायऱ्यांनी माणूस घरात कोंडला जातो. गाडी दारापाशी, त्याच पातळीवर थांबेल असाच प्लॉट शोधा. दृश्य थोडं कमी मिळालं तरी चालेल.

दुसरं, ती सपाट जागा कशी केली? डोंगर कापून निघालेली माती पुढे ढकलली असेल, तर घराचा मागचा भाग पक्क्या जमिनीवर आणि पुढचा भरावावर येतो. भराव दोन-तीन पावसाळ्यांत दबतो आणि भिंतीला तिरकी चीर पडते. पाया भरावाखालच्या पक्क्या थरापर्यंत न्यावाच लागेल. मागच्या कापलेल्या बाजूला दगडी भिंत असेल, तर तिला दर मीटर-दीड मीटरवर पाणी निघायला भोकं आहेत का आणि मागे खडीचा थर आहे का, हे पाहा. भिंती बहुधा मातीच्या वजनाने पडत नाहीत, मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने पडतात. वरच्या उतारावर एका दिशेला कललेली झाडं, जमिनीत अर्धगोल भेगा किंवा नव्याने फुटलेले पाझर दिसले, तर बयाणाही देऊ नका. माळीण (२०१४) आणि तळीये (२०२१) या दोन्ही गावांवर डोंगर आला तो मोठ्या पावसातच.

प्रश्न : इगतपुरीजवळ एजंट म्हणतो, इथे एवढा पाऊस आहे की पाण्याची चिंताच नाही, आणि बोअर आहेच. खरं का? (नाशिक)

उत्तर : पाऊस खरा, निश्चिंती खोटी. खालचा काळा कातळ पाणी फारसं धरत नाही. पाऊस नाल्यांनी खाली धावतो आणि बोअर नेमकी एप्रिल-मेमध्ये आटते. बोअर मे महिन्यात दोन तास सलग चालवून पाहा.

भरवशाचा उपाय म्हणजे छताचं पाणी साठवणं. दोघांना रोज २०० लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे अशा १२० दिवसांना २४ हजार लिटर लागतात. चार मीटर लांब, तीन रुंद, दोन खोल टाकीत ते मावतं. १०० चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की गळती वजा जाता ८० लिटर हाती येतात, म्हणजे ३०० मिलिमीटरमध्ये टाकी भरते. पहिल्या सरींचं पाणी वाहून जाऊ द्या, टाकीत उजेड शिरू देऊ नका, नाहीतर शेवाळ धरतं. पिण्याआधी उकळा.

प्रश्न : आम्ही शेतकरी नाही. शेतजमिनीचा तुकडा स्वस्तात मिळतोय. ‘बिनशेती नंतर होईल’ असं सांगतात. घ्यावा का? (ठाणे)

उत्तर : नाही. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. बिनशेती आदेश हातात आल्यावरच पैसे द्या. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का आणि ‘इतर हक्क’मध्ये कूळ, वन किंवा बोजा यांची नोंद आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून, तर माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे तीव्र उतारावरचं बांधकाम आणि झाडतोड यांवर वेगळे निर्बंध आहेत, म्हणून बांधकाम परवानगीची प्रतही मागा.