टाचेला प्लास्टर, कंबर तशीच

प्रश्न : वडील (वय ५५) महिन्यापूर्वी आंब्यावरून पडले. तालुक्याच्या दवाखान्यात उजव्या टाचेला प्लास्टर घातलं. कंबर दुखते म्हणाले, तर ‘मुका मार आहे’ म्हणून गोळ्या दिल्या. आता साताऱ्यात एक्स-रे काढला, तर कमरेचा मणका दबलेला निघाला. हे आधी कसं दिसलं नाही?
– एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : माणूस उंचावरून पायांवर पडला की दणका टाचेत थांबत नाही, नडगी, गुडघा, खुबा असा वर चढत मणक्यात जातो. टाच मोडलेल्या दहा जणांत साधारण एकाच्या कमरेच्या मणक्यालाही फ्रॅक्चर असतं. म्हणून दुसरी टाच आणि कंबर तपासायलाच हवी. वडील दुखतंय म्हणत असताना एक्स-रे काढला नाही, ही चूकच.

एरवी पहिल्या तासात काही सुटलं तर ते समजण्यासारखं असतं. आधी श्वास आणि रक्तस्राव बघावा लागतो. बेशुद्ध किंवा प्यायलेला माणूस दुखणं सांगत नाही, आणि मोडलेल्या मांडीच्या कळांपुढे मनगटाची कळ जाणवतच नाही. पण दुसऱ्या दिवशी परत न बघणं आम्हाला मान्य नाही. २४ तासांत अंगावरचे कपडे काढून डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पुन्हा तपासावं. चौघांनी मान-पाठ सरळ धरून कुशीवर वळवावं आणि एकेक मणका दाबून बघावा. रुग्ण शुद्धीवर आला, चालू लागला की आणखी एकदा. नातेवाइकांनी हे न संकोचता मागावं.

उसाच्या ट्रॉलीला मोटारसायकल धडकून मांडी मोडली, तर खुब्याचा एक्स-रे वेगळा काढायला सांगा. तिथली चीर हमखास नजरेतून सुटते. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या खळगीत दाबल्यावर दुखत असेल, तर पहिला एक्स-रे चांगला आला तरी मनगट बांधून ठेवावं आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा. हँडल पोटात घुसलं असेल, तर सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून घरी नेऊ नका. फाटलेलं आतडं सुरुवातीला त्यात दिसेलच असं नाही; पोट कडक होणं, फुगणं, ताप हे नंतर सुरू होतं.

वडिलांची कंबर चोळू नका, हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद गेली, तर १०८ला फोन करून लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. सोबत सगळे जुने एक्स-रे घ्या.