व्होल्टेज शिकताना आधी एवढंच

भाऊ, 'विभवांतर' म्हणजे व्होल्टेजच, त्या शब्दाला घाबरू नको. गच्चीवरची टाकी आठव. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर. नळ बंद असला तरी जोर असतोच. व्होल्टेज म्हणजे तो जोर, करंट म्हणजे वाहणारं पाणी. 'तारेतून व्होल्टेज वाहतं' ही सुरुवातीची नेहमीची चूक.

याहून महत्त्वाचं: व्होल्टेज कायम दोन बिंदूंमधलं असतं. एकट्या तारेचं किती, या प्रश्नाला अर्थच नाही.

आपल्या नागपुरात मे महिन्यात गल्लीतले सगळे कूलर सुरू झाले की पंखा मंदावतो, तो व्होल्टेज उतरल्यामुळे. पण ते मोजायला लगेच सॉकेटकडे जाऊ नको. 230 व्होल्ट जीव घेतात. सीताबर्डीतून साधा मल्टिमीटर आण आणि महिनाभर फक्त सेलवर सराव कर.

- डायल डीसी (सेलसारखा एकाच दिशेचा करंट) 20 व्होल्टवर ठेव.
- लाल वायर व्होल्टच्या भोकात हवी. 10 अँपिअरच्या भोकात राहिली तर सेल शॉर्ट होतो. ही चूक फार जण करतात.
- नवा पेन्सिल सेल 1.5 च्या आसपास दाखवेल, एकापुढे एक दोन जोडले की 3. मग त्यातला एक उलटा कर आणि काय आकडा येतो ते मला सांग.

एसी, फेज, अर्थिंग त्यानंतर घेऊ.