घर घेण्याआधी इमारतीची तपासणी करायची तर किती खर्च येतो?
एकच आकडा सांगता येणार नाही, कारण फी मुख्यतः तपासणाऱ्याचा किती वेळ जातो यावर ठरते. साधं घर नुसतं डोळ्यांनी नीट बघायलाच २-३ तास जातात, अहवाल लिहिणं वेगळं. घर मोठं किंवा जुनं असेल, छतावर चढायला धड वाट नसेल, तर फी वाढते. वाळवी, वायरिंग, ड्रेनेज यांचे पैसे बरेचदा वेगळे लावतात. म्हणून दर विचारण्याआधी ‘यात काय काय धरलंय?’ ते विचारा.

स्वस्तातल्या अहवालात नुसतं ‘भिंतीला ओल आहे’ एवढंच लिहिलेलं असतं. अहो, ती येते कुठून ते सांगा ना! बाथरूमच्या मागच्या भिंतीवर एवढ्याशाच जागी ताजा रंग दिसला तर बोट वाकवून ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर आत गिलावा सुटलेला असू शकतो. ती जागा तपासनिसाला दाखवा. तो भिंत फोडणार नाही, पण ओलावा मोजायचं यंत्र लावेल.

आणि माणूस तुम्हीच शोधा, एजंटने पाठवलेला फुकटातला नको. दुरुस्तीचा अंदाजही लेखी मागा, किमतीची घासाघीस करताना तोच कामाला येतो.