फोर्क जोडण्याआधी इंटरफेस ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: यूएसबीवरच्या एका ॲनालॉग इनपुट बोर्डाचा लिनक्स ड्रायव्हर उत्पादकाने जीपीएल या मुक्त परवान्याखाली दिला आणि मग वाऱ्यावर सोडला. पुढे दोघांनी त्याचे दोन स्वतंत्र फोर्क (मूळ कोडच्या वेगळ्या वाढवलेल्या प्रती) सांभाळले. दर नव्या कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डीकेएमएसचा, म्हणजे बाहेरचा ड्रायव्हर दर कर्नलसाठी पुन्हा बांधणाऱ्या व्यवस्थेचा, बिल्ड फुटतो. आता दोन्ही फोर्क एकत्र करून मेनलाइनमध्ये (अधिकृत कर्नलमध्ये) पाठवायचे आहेत, तर सुरुवात कुठून करावी?

सर्वात आधी, दोन फोर्कचा गिट मर्ज करत बसू नका. मेनलाइनमध्ये जो कोड जाईल तो या दोन्हींपैकी कुठलाच नसेल, त्यामुळे कॉन्फ्लिक्ट सोडवण्यात घातलेले आठवडे फुकट जातील. दोन्हींतून हार्डवेअरचं ज्ञान तेवढं उचला: रजिस्टरं, यूएसबीचे संदेश, कॅलिब्रेशन, कोणत्या रिव्हिजनला काय खोड आहे ते.

बिल्ड फुटतो कारण कर्नलच्या आतले एपीआय (कोडच्या भागांनी एकमेकांना वापरायच्या पद्धती) स्थिर ठेवायचेच नाहीत असं मुद्दाम ठरवलेलं आहे. कर्नलच्या 4.15 आवृत्तीत टायमर तयार करण्याची पद्धत बदलली, 5.0 मध्ये ॲक्सेस_ओके या फंक्शनचं एक पॅरामीटर गेलं, 6.4 मध्ये क्लास_क्रिएट या फंक्शनचं गेलं. असा बदल करणाऱ्यालाच कर्नलच्या आतले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करावे लागतात. बाहेरच्या कोडकडे बघायला तो बांधील नाही. म्हणून तुमच्याकडे कर्नल आवृत्ती तपासणाऱ्या इफडेफांचं (अटीनुसार कोड बदलणाऱ्या ओळींचं) जंगल माजलंय. मेनलाइनसाठी ते पूर्ण काढावं लागेल.

युजरस्पेसच्या, म्हणजे वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमांच्या, बाजूला नेमकं उलट आहे. तिथे दिलेला इंटरफेस लोकांच्या वापरात आला की तो मोडायचा नाही, आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यात कुणाचं ऐकत नाहीत. म्हणून रिव्ह्यूत कोडच्या मांडणीपेक्षा जास्त डोकं तुमच्या स्वतंत्र डिव्हाइस फाइलवर आणि घरगुती आयऑक्टलांवर (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला द्यायच्या आज्ञांवर) खाल्लं जाईल. उत्तर बहुतेक 'आयआयओ वापरा' असंच येईल; आयआयओ म्हणजे मोजमापाच्या उपकरणांसाठी कर्नलमध्ये तयार असलेली सबसिस्टिम. ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टरसाठी त्या सबसिस्टिममध्ये चॅनेल, स्केल, बफर, ट्रिगर सगळं आधीच आहे. कॉमेडी (comedi, अशाच बोर्डांसाठीची दुसरी सबसिस्टिम) हा दुसरा पर्याय. तोही वर्षानुवर्षं कर्नलबाहेर वाढलेला प्रकल्प. 2009 मध्ये 2.6.29 बरोबर तो स्टेजिंगमध्ये (कच्च्या ड्रायव्हरांसाठी कर्नलमध्ये ठेवलेल्या कोपऱ्यात) आला आणि तिथून बाहेर पडायला 2021 चं 5.13 उजाडलं. नव्या बोर्डासाठी मी तरी आयआयओच घेईन. जुन्या प्रोग्रॅमांचं काय, हा प्रश्न येणारच. त्यांच्यासाठी जुनी फंक्शनं तशीच ठेवणारी पातळ युजरस्पेस लायब्ररी लिहा. कर्नलमध्ये जुने आयऑक्टल घुसवायचा प्रयत्न करू नका.

'आमचा कोड चालतो, मग पुन्हा का लिहायचा?' हा युक्तिवाद मोठ्या कंपन्यांचाही टिकलेला नाही. एएमडीचा डिस्प्ले कोड इतर ऑपरेटिंग सिस्टिमांवरही चालावा म्हणून त्यात स्वतःचा मधला थर होता. 2016 च्या डिसेंबरात डीआरएमचे (कर्नलच्या ग्राफिक्स विभागाचे) मेंटेनर डेव्ह एअरली यांनी तो त्या रूपात घ्यायला साफ नकार दिला. वर्षभर साफसफाई झाल्यावर तो 4.15 मध्ये आला. एएमडीकडे पगारी टीम होती. तुम्ही दोघंच आहात, म्हणून आधी विचारून मग लिहा.

स्टेजिंगचा मोह होईल, कारण तिथे ओबडधोबड कोडही घेतात. रिअलटेकच्या 8188ईयू वायफाय चिपचा ड्रायव्हर 2013 मध्ये तिथे गेला. स्वतःचा वेगळा वायफाय थर घेऊन आलेला तो कोड लोक वर्षानुवर्षं घासत बसले. शेवटी त्या चिपला आरटीएल8एक्सएक्सएक्सयू या, कर्नलच्या स्वतःच्या मॅक80211 वायफाय थरावर बेतलेल्या ड्रायव्हरचा आधार मिळाला आणि स्टेजिंगमधला कोड काढून टाकला. तेव्हा तो रस्ता सोडा.

परवान्याचं मात्र आजच बघा. कर्नल जीपीएल 2 खाली आहे. एखाद्या फोर्कमध्ये कुणी फक्त जीपीएल 3 खालची फाइल आणली असेल तर ती चालणार नाही. मूळ कॉपीराइटच्या ओळी ठेवा, आणि ज्यांचा कोड खरोखर उचलताय त्यांना साइन्ड-ऑफ-बायबद्दल (हा कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे असं सांगणाऱ्या ओळीबद्दल) विचारा. बरेच जण मेलला उत्तर देत नाहीत, म्हणून हे लवकर सुरू केलेलं बरं.

पॅचच्या (कोडातल्या बदलांच्या) पहिल्या मालिकेत फक्त बोर्डाची ओळख पटणं आणि एका चॅनेलचं वाचन एवढंच पाठवा. बफर, ट्रिगर, कॅलिब्रेशन नंतर. काही हजार ओळींचा एकच पॅच कुणी वाचत नाही. मर्ज विंडोच्या (पुढच्या आवृत्तीसाठी कोड गोळा करण्याच्या) दोन आठवड्यांत नवा ड्रायव्हर पाठवून उत्तराची वाट बघू नका, आरसी1 (त्यानंतरची पहिली चाचणी आवृत्ती) येऊ द्या.

मेंटेनर्स फाइलमध्ये (कोणता कोड कोण सांभाळतं त्या यादीत) दोन्ही फोर्कवाल्यांची नावं घाला. एकाचंच घातलंत तर दुसरा आपला फोर्क चालूच ठेवेल, आणि त्याचं फार चुकेल असंही नाही. डीकेएमएसचा रेपो जुन्या कर्नलवाल्यांसाठी लागेल, पण प्रवाह उलटा करा: दुरुस्ती आधी मेनलाइनला जाईल आणि तिथूनच रेपोत येईल.