वाचकांचे प्रश्न : सिनिअर सोडून जाताना केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे कामाचे ज्ञान मागे राहणाऱ्यांकडे सोपवणे) कशी करावी?

प्रश्न : सोलापुरात आमची सात जणांची लहान सॉफ्टवेअर कंपनी आहे. टॉवेल आणि चादरींच्या कारखानदारांसाठी आम्ही बिलिंगचे आणि साठ्याचे सॉफ्टवेअर करतो. सुरुवातीपासून आमच्याबरोबर असलेला सिनिअर डेव्हलपर दोन महिन्यांनी पुण्यातील नोकरीवर रुजू होणार आहे. त्याने सर्व काही लिहून द्यावे असे ठरले आहे आणि तो मनापासून लिहीतही आहे. मात्र ते वाचूनही आमची ज्युनिअर मुले प्रत्येक कामात अडतात. लिहिण्याची पद्धत चुकते आहे काय? यावर संशोधन काय सांगते?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या सिनिअरने लिहिण्यात कसूर केली असेल असे मला वाटत नाही. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी 1985 मध्ये नेमकी हीच अडचण मांडली होती. एका गटाने तयार केलेला कंपायलर (लिहिलेल्या कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या गटाला वाढवायचा होता. दुसऱ्या गटाच्या हाती संपूर्ण कोड होता, सविस्तर दस्तऐवज होते आणि मूळ गटाचा सल्लाही मिळत होता. तरीही त्यांनी सुचवलेले कित्येक बदल मूळ रचनेत आधीच असलेल्या सोयी बाजूला ठेवून वरून ठिगळे लावणारे निघाले, आणि हे मूळ गटाच्या लोकांना पाहताक्षणी कळले. प्रोग्रॅम असाच का रचला, उद्या नवी गरज आली तर तो कुठे वाकवता येईल आणि कुठे नाही, ही समज करणाऱ्याच्या डोक्यात असते आणि ती कागदावर पूर्णपणे उतरत नाही, असे नाउर यांचे म्हणणे होते. मला ते आजही पटते.

आपल्याच धंद्यातले पाहू. जीएसटी लागू झाल्यावर टॉवेलच्या एका नगाची विक्री किंमत 1000 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के आणि त्यापुढे 12 टक्के कर होता. आता समजा, एका व्यापाऱ्याचा भाव डझनावर ठरतो आणि तो 1800 रुपये आहे. नगाची किंमत 150 रुपयेच भरते, म्हणून कर 5 टक्केच लागला पाहिजे, आणि त्यासाठी कोडमध्ये कुठेतरी डझनाच्या भावाला 12 ने भागणारी एक ओळ असते. दस्तऐवजात ‘भाव भागिले 12’ इतकेच लिहिले असेल, तर ते बिनचूक असूनही अपुरे आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून ही मर्यादा 2500 रुपये झाली आणि त्यापुढचा कर 18 टक्के झाला. ओळीमागचे कारण माहीत असलेला माणूस हा बदल सहज करतो. ज्याला ते माहीत नाही, तो कोड साफ करण्याच्या भरात तीच ओळ काढून टाकू शकतो, आणि मग कारखानदाराची बिले चुकीच्या कराने निघू लागतात. चादर नगावर विकली जाते आणि तिला ही ओळ लागू नाही, हे तर कदाचित कुणी लिहिलेलेच नसते, कारण लिहिणाऱ्याला ते सांगण्यासारखे वाटलेले नसते.

मायक्रोसॉफ्टमधील 17 डेव्हलपरांचे काम शेजारी बसून पाहणारा एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. माहितीसाठी ते सर्वांत जास्त वेळा सहकाऱ्यांकडेच वळत होते. कोड अमुक पद्धतीने का लिहिला, यासारखे प्रश्न मात्र पुष्कळदा लांबणीवर पडत, कारण उत्तर देऊ शकणारा एकमेव माणूस त्या वेळी उपलब्ध नसे. ही वेळ केवळ लहान कंपन्यांवर येते असेही नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील 133 लोकप्रिय प्रकल्पांच्या 2016 च्या अभ्यासात असे दिसले, की त्यांपैकी 65 टक्के प्रकल्प एक किंवा दोन माणसे गेली तरी अडचणीत येतील.

म्हणून माझा सल्ला असा, की उरलेल्या दोन महिन्यांत केटीचा क्रम उलटा करावा. सिनिअरने बोलायचे आणि मुलांनी वहीत उतरवायचे, हे थांबवावे. येणारे प्रत्येक काम ज्युनिअरने करावे आणि सिनिअरने शेजारी बसावे. कीबोर्डला हात लावू नये. मुलगा चुकीच्या ठिकाणी हात घालतो तेव्हाच सिनिअरच्या तोंडून ‘तिथे नको, कारण…’ असे निघते, आणि आपल्याला हवे आहे ते त्या ‘कारण’ नंतरचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील ग्राहकांकडे जातानाही त्याने एका ज्युनिअरला बरोबर न्यावे, कारण निम्मी कारणे कारखान्याच्या अकाउंटंटच्या टेबलावर जन्मलेली असतात.

कोड रिव्ह्यू, म्हणजे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासणे, आपल्याकडे होत नसेल तर तो लगेच सुरू करावा. मायक्रोसॉफ्टमधीलच 2013 च्या एका अभ्यासात असे आढळले, की लोक रिव्ह्यू करतात ते मुख्यतः चुका सापडाव्यात म्हणून, पण प्रत्यक्षात चुका अपेक्षेपेक्षा कमी सापडतात आणि एकमेकांचे काम समजणे, ज्ञान पोहोचणे हा लाभ मोठा असतो. त्यामुळे सिनिअरचा कोडही ज्युनिअरने तपासावा आणि न समजलेले निःसंकोच विचारावे.

लिहिणे सोडून द्यावे असे मी म्हणत नाही. सॉफ्टवेअर क्षेत्रातील लेखक मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये सुचवलेली पद्धत आपल्याला सोयीची पडेल : प्रत्येक मोठ्या निर्णयासाठी एक छोटी नोंद, तिच्यात परिस्थिती काय होती, काय ठरवले आणि त्याचे परिणाम कोणते, आणि ती नोंद कोडबरोबरच ठेवायची. ही नोंद सिनिअरला विचारून ज्युनिअरने लिहावी. कितपत समजले आहे ते तिच्यावरूनच कळते.

प्रश्न : मी सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. शहरातील लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत ज्ञानाची देवाणघेवाण कशी होते, यावर प्रकल्प करायचा आहे. प्रश्नावली पाठवून सुरुवात करू का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : विषय उत्तम आहे. प्रश्नावलीने मात्र सुरुवात करू नये. ‘तुमच्याकडे डॉक्युमेंटेशन होते का?’ असे विचारले की सगळे ‘हो’ म्हणतात. दोन-तीन कंपन्यांची लेखी परवानगी घ्या, तेथे काही दिवस बसा आणि एवढेच टिपा : कोण अडले, कशासाठी अडले, कुणाला विचारले, उत्तर मिळायला किती वेळ लागला. ग्राहकांचा कोड किंवा नावे नोंदींत येऊ देऊ नका. प्रश्नावली त्यानंतर करा. तोवर काय विचारायचे ते नोंदींतून ठरलेले असेल. इंग्रजी, मराठी आणि तेलुगू अशा तीन भाषांत बोलणाऱ्या टीम आपल्या शहरात सापडतात, तेव्हा कोणती गोष्ट कोणत्या भाषेत विचारली जाते, हाही रकाना वहीत पहिल्या दिवसापासून ठेवा.